मॅडम, तुम्ही आधी नावं लिहून घेतलीत

मॅडम, नमस्कार.

तुम्ही वनखात्याच्या, वणव्याचं काम बघणाऱ्या, पण तुमचं नाव इथे टाकत नाहीये. वणव्याच्या त्या रात्री माझ्या पुतण्याने फोटो काढायला मोबाईल वर केला तेव्हा तुम्ही हाताने नको नको केलंत ते लक्षात आहे. पण आभार मात्र सगळ्यांसमोर मानायचेत, कारण वनखात्यावरची आधीची चीडही मी सगळ्यांसमोरच काढली होती, दर उन्हाळ्यात, आणि ती खोटी नव्हती.

जे वाचतायत त्यांच्यासाठी सांगते. आमचं गाव त्र्यंबकच्या पुढे, हरसूलकडे जाताना आत. मी नाशकात सातपूरला कंपनीत कामाला आहे, सुट्टीला जमेल तसं घरी जाते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला जी माणसं येतात त्यांना हे डोंगर हिरवेगारच माहीत असतात, पण होळी जवळ आली की तेच गवत कंबरेएवढं वाळून उभं असतं, खाली सागाचा पाला पडलेला, दुपारचा वारा सुटलेला, आणि मग रात्री अंधारात डोंगरावर लाल माळ दिसायला लागते. लांबून नाशिककरांना ती दिवाळीसारखी वाटत असेल, आमच्या पोटात गोळा येतो.

तीन वर्षांपूर्वी असाच पेटला होता. मी सातपूरहून फोन लावत बसले होते. एकाने सांगितलं ही हद्द आमची नाही. दुसऱ्याने सांगितलं लोकेशन पाठवा, पाठवलं, त्याचं उत्तर आजपर्यंत नाही. तिसऱ्याने नोंद घेतो म्हणून फोन ठेवला. डोंगर जळतोय आणि हे हद्द विचारतात! शेवटी गावातली माणसंच ओले डहाळे तोडून वर गेली. माझ्या काकांच्या पायातल्या प्लास्टिकच्या चपला वितळून पायाला चिकटल्या, महिनाभर त्यांना धड चालता येत नव्हतं. आमची गवताची गंजी गेली, केशर आंब्याची १४ कलमं गेली, आईने बादलीने पाणी घालून जगवलेली. आणि नंतर कुठल्यातरी कागदावर एक ओळ वाचायला मिळाली, ग्रामस्थांच्या मदतीने वणवा आटोक्यात आणण्यात आला. ग्रामस्थ म्हणजे कोण? माझे काका. पण काकांचं नाव कुठेच नव्हतं, पाय बघायलाही कोणी आलं नाही. आठवडाभराने एकजण आला तो १९२७ च्या वन कायद्याचं कलम २६ ऐकवून दम देऊन गेला, आग तुमच्यातल्याच कोणीतरी लावली असणार म्हणून. मॅडम, ते मी अजून विसरलेली नाही.

म्हणून यंदा जानेवारीत तुम्ही आलात तेव्हा मी मागे भिंतीला टेकून उभी होते, म्हटलं आता ह्या पण भाषण करून जातील. चार-पाच तालुक्यांचं वणव्याचं काम तुमच्याकडे, वनरक्षकापासून हंगामी मजुरापर्यंत किती माणसं तुमच्या हाताखाली, आणि तुम्ही देवळाच्या ओट्यावर म्हाताऱ्या माणसांच्या शेजारी बसून विचारलंत की बाबा, आग लागली की आपोआप कुठे थांबते? असं आजपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं ओ. माझ्या काकांनी काडीने मातीत डोंगर काढून दाखवला, इथे कातळ आहे, इथे ओहोळ, इथे गुरांची वाट, इथून पुढे मात्र ती सुटते. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा, यंदा काकांच्या रेषेवरून गेली, कातळापासून ओहोळापर्यंत, गवत कापून, मग सकाळच्या गारव्यात जाळून. त्याआधी कायम ती रस्त्याच्या कडेने व्हायची जिथे गाडीतून दिसते.

राबाबद्दलही तुम्ही कोणाला चोर ठरवलं नाहीत. आमच्याकडे भात-नागलीची रोपं करायची तर त्या जागेवर पालापाचोळा पसरून राब भाजावाच लागतो, वर्षानुवर्षं तेच चाललंय. तुम्ही म्हणालात भाजा, पण वारा पडलेला असताना भाजा, भोवतीचं गवत आधी काढा, वनरक्षकाला सांगून भाजा, विझल्याशिवाय घरी जाऊ नका. मोहाखाली फुलं दिसावीत म्हणून पाला जाळतात त्या बायांना म्हणालात जुन्या साड्या अंथरा, फुलंही स्वच्छ मिळतील. माझ्या आईने तीन साड्या काढून दिल्या शेजारणीला.

आणि ते सॅटेलाइटचं. आम्हाला वाटायचं वरून सगळं दिसतं तरी हे लोक येत नाहीत. तुम्ही समजावून सांगितलंत की देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून मोबाईलवर मेसेज येतो खरा, पण तो उपग्रह आपल्यावरून जातो दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आसपास, म्हणजे चारला लागलेली आग त्याला मध्यरात्रीनंतर दिसणार, आणि त्याचा एक ठिपका म्हणजे ३७५ मीटरचा चौकोन, डोंगराची ही बाजू की ती बाजू ते तिथे गेल्यावरच कळतं. म्हणून तुमचा फोन मला त्याच्या आधी हवा, असं म्हणालात आणि स्वतःचा नंबर दिलात. दिलात आणि उचललात सुद्धा. एवढंच तर हवं असतं माणसाला.

मार्चमधल्या त्या शनिवारी मी घरीच होते. साडेचारला धूर दिसला, भावाने फोन केला, सातच्या आत तुम्ही आणि तुमची माणसं पाला उडवायचे ब्लोअर घेऊन खाली हजर. खरं सांगते, तुम्ही ऑफिसातून फोनवर विचारलं असतं तरी कोणी काही म्हटलं नसतं.

आता जी गोष्ट सांगायची म्हणून हे सगळं लिहायला घेतलं ती. पोरं वर पळायला निघाली होती, काहीजण तर अर्ध्या वाटेवर, आणि तुम्ही ओरडून सगळ्यांना परत बोलावलंत. म्हणालात आधी नावं. तुमची डायरी गाडीत, गाडी खाली वडापाशी कारण वरचा रस्ता तसला, तर तुम्ही पुतण्याच्या हातातली मराठीची वही घेतलीत, शेवटचं पान उघडून माझ्यासमोर धरलंत आणि म्हणालात, ताई तुम्ही लिहा, मी बॅटरी धरते. मला तेव्हा राग आला होता मॅडम. डोंगर पेटलाय आणि ह्या हजेरी घेतायत! तरी लिहिलं. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, घरी कोण आहे, त्यांचा नंबर. तुमचे कर्मचारी वेगळे आणि गावातली पोरं वेगळी असं नाही, एकाखाली एक. २३ नावं झाली. त्यात माझा धाकटा भाऊ, वय २२, गिरणाऱ्याला टोमॅटोच्या गाड्या भरतो. त्याचं नाव मी १७ व्या ओळीवर लिहिलं.

मग तुम्ही दोन मिनिटांत सांगितलंत, आग चढणीला धावते, तिच्या वरच्या अंगाला कोणी उभं राहायचं नाही, एकजण समोरच्या सोंडेवर बॅटरी आणि शिट्टी घेऊन फक्त बघत बसणार, शिट्टी वाजली की जळून काळं झालंय तिथे यायचं, न जळलेल्या गवतात पळायचं नाही. आणि मगच सोडलंत.

आग काकांच्या रेषेपाशी अडली. कशी झोडपली, कुठून वळवली ते तुम्हाला जास्त माहीत, मी खालून फक्त बॅटऱ्या हलताना बघत होते. रात्री पावणेदोनला माणसं उतरायला लागली, सगळे काळेठिक्कर, खोकत होते, आई तांब्या घेऊन उभी होती. तुम्ही तांब्या हातात घेतलात पण पाणी तोंडाला लावलं नाहीत, वही मागितलीत. एकेक नाव वाचत गेलात, समोरून "हो" आला की खूण. सतराव्या नावाला हो आला नाही.

कोणीतरी म्हणालं येईल तो, मागे राहिला असेल. मी पण स्वतःला तेच सांगत होते. तुम्ही तांब्या आईच्या हातात परत दिलात आणि म्हणालात, येईल नाही, आणायचा. वनरक्षकाला आणि दोन पोरांना घेऊन तुम्ही स्वतः पुन्हा वर गेलात, सात तास धुरात राहिलेली बाई. भाऊ ओहोळाच्या घळीत पडला होता, पाय मुरगळून सुजलेला, मोबाईलला रेंज नाही, ओरडून घसा बसलेला. त्या नावांच्या पानाशिवाय तो सकाळपर्यंत तिथेच असता, आणि खाली सगळ्यांना वाटलं असतं की घरी जाऊन झोपला.

साडेतीनला त्याला खांद्यावर हात टाकून आणलंत. आई त्याच्याकडे धावली, मी पण. आणि मागे वळून बघितलं तर तुम्ही ओट्यावर बसून वही उघडली होतीत, बॅटरी दातात धरलेली, आणि १७ व्या ओळीसमोर बरोबरची खूण केलीत. मग पाणी प्यायलात. ती खूण करायला तिथे कोणी सांगितलं नव्हतं, माणूस तर समोरच होता. पण तुम्ही ती केलीत. ती बघून मी रडले, भावाला बघून नाही.

मॅडम, चांगुलपणा म्हणजे काहीतरी मोठं असतं असं मला वाटायचं. आमच्यासारख्यांना पैसे, नुकसानभरपाई, सत्कार यापेक्षा आधी हे हवं असतं की वर गेलेला माणूस कोण होता हे कोणालातरी माहीत असावं. ज्यांनी हद्द विचारली त्यांच्याकडेही वही-पेन होतंच की. काकांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, पुढच्या वेळी माझंही नाव लिव. वय ६८ आहे, आम्ही जाऊ देणार नाही, पण नाव लिहू.

भावाचा पाय बरा आहे, गाड्या भरायला जातो. वहीचं ते पान पुतण्याला फाडू दिलं नाही, अख्खी वहीच आईने रेशनकार्डाच्या डब्यात ठेवली आहे आणि त्याला नवी वही आणून दिली. जाळरेषेच्या अलीकडची आमची कलमं, पुन्हा लावलेली, वाचली सगळी.

आईने निरोप दिलाय, पहिला पाऊस झाला की त्याच डोंगराला शेवळं ही रानभाजी निघेल, काकडाची आंबट फळं घालून भाजी करते, तुम्ही आणि त्या रात्रीची तुमची सगळी माणसं जेवायला या. किती जण येणार ते आधी कळवा. आणि गाडी खाली वडापाशीच लावा, वरचा रस्ता अजून झालेला नाही.