वाहकतेची इंग्रजी विशेषणे नेमकेपणाने शिकवा

महोदय,

सेमी-इंग्रजीतून विज्ञान शिकणारी मुले ‘डायमंड इज कंडक्टिव्ह’ असे लिहितात, तेव्हा वाक्य व्याकरणात बसते, पण अर्थ अपुरा राहतो. हिरा उष्णतेचा उत्कृष्ट वाहक असूनही विजेचा दुर्वाहक असल्याने त्या विशेषणाआधी ‘थर्मली’ हे क्रियाविशेषण यायलाच हवे. ‘सिल्व्हर इज मोअर कंडक्टिव्ह दॅन कॉपर’ हे वाक्य निर्दोष आहे, कारण हा गुण कमीअधिक असू शकतो; मात्र ‘सुपरकंडक्टिंग’ला (म्हणजे विजेला अजिबात रोध न करणाऱ्या) ‘मोअर’ जोडता येत नाही, कारण १९११ मध्ये डच भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ओनेस यांना सुमारे ४.२ केल्विन तापमानाला पाऱ्यात आढळलेली ती अवस्था एकतर असते किंवा नसते. ‘कंडक्टिंग’ बहुधा नामाआधी येते. तिथेही फार ताठर नियम सांगू नये: २००० च्या रसायनशास्त्राच्या नोबेलच्या मानपत्रात ‘कंडक्टिव्ह पॉलिमर्स’ म्हटले आहे, तर शोधनिबंधांत ‘कंडक्टिंग पॉलिमर्स’ही सर्रास आढळते. ‘कंड्युसिव्ह’ म्हणजे अनुकूल. त्याचा विजेशी काहीच संबंध नाही, तरी मुले ते ‘वाहक’ या अर्थाने वापरतात. ही विशेषणे सुट्या शब्दार्थांऐवजी पूर्ण वाक्यांतून शिकवावीत आणि पाठ्यपुस्तकांतील स्वाध्यायांत तशी वाक्ये द्यावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक विज्ञान शिक्षक, सातारा