सूचना : सोसायटीच्या पेनड्राइव्हला पासवर्ड

कमिटीच्या सर्व सभासदांना नमस्कार. परवा कोथरूडहून डेक्कनला जाताना पेनड्राइव्ह माझ्याकडून रिक्षात राहिला. रिक्षावाल्या दादांनी तो आणून दिला. पण त्यात सगळ्यांची आधार कार्डं उघडी होती, जीव टांगणीला लागला.

रविवारपर्यंत प्रत्येकाने आपला ड्राइव्ह बिटलॉकरने (विंडोजमधलीच कुलूप लावायची सोय) एन्क्रिप्ट करावा, म्हणजे पासवर्डशिवाय कुणाला आतलं वाचता येणार नाही. त्यासाठी विंडोज प्रो लागतं. विंडोज होमवर असा कुलूपबंद ड्राइव्ह नुसता उघडता येतो. ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘टर्न ऑन बिटलॉकर’. वापरलेल्या ड्राइव्हसाठी ‘संपूर्ण ड्राइव्ह’ हाच पर्याय घ्या, नाहीतर पुसलेल्या फायली उकरून काढता येतात. ४८ अंकी रिकव्हरी की (पासवर्ड विसरल्यास ड्राइव्ह उघडणारा आकडा) छापून घरच्या कपाटात ठेवा, ड्राइव्हसोबत मुळीच नको. पासवर्ड आणि रिकव्हरी की दोन्ही हरवलं तर माहिती कायमची गेली.

अडलं तर संध्याकाळी ७ नंतर सोसायटीच्या ऑफिसात या, शेजारी बसून करून देईन.