सूचना : मुलांचं रात्रीचं वायफाय

सर्व पालकांना नमस्कार. सहामाही जवळ आली, म्हणून आठवण.

मुलांचं रात्रीचं इंटरनेट थांबवायला वायफायचा पासवर्ड रोज बदलत बसू नका. बहुतेक राउटरच्या सेटिंगमध्ये ‘पेरेंटल कंट्रोल’ असतं. तिथे मुलांच्या फोनपुरती रात्री १० नंतरची बंदी लावता येते. मात्र त्या फोनमधला ‘रँडम मॅक’, म्हणजे वायफायला फोनचा खरा ओळख-क्रमांक न देता दुसराच देणारी सोय (आयफोनवर ‘प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस’) घरच्या वायफायसाठी बंद करा, नाहीतर तो क्रमांक बदलला की राउटरला तो फोन नवाच वाटू शकतो आणि बंदी लागू होत नाही. पोरांना हे आपल्याआधी कळतं! सिमचा डेटा राउटर अडवत नाही. त्यासाठी फोनच्या वापराची वेळ ठरवून देणाऱ्या सोयी वापरा : अँड्रॉइडवर गुगलचं ‘फॅमिली लिंक’ ॲप, आयफोनवर सेटिंगमधला ‘स्क्रीन टाइम’.

वेळ मुलांशी बोलूनच ठरवा. चोरून पाळत ठेवणारी ॲप कृपया नकोत.

अडल्यास रविवारी सकाळी ११ वाजता सोसायटीच्या कार्यालयात या, राउटरच्या मागच्या लेबलचा फोटो आणा.