सहायक प्रशिक्षकाचा खुर्चीवर डोळा असला तर बिघडलं कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फुटबॉल क्लबमधल्या सहायक प्रशिक्षकाने मुख्य प्रशिक्षक होण्याची स्वप्नं पाहू नयेत, असं आपल्या क्रीडा पानावरच्या एका पत्रात अलीकडेच वाचलं. ज्याचा वरच्या खुर्चीवर डोळा आहे तो मनापासून दुय्यम काम करणार नाही, आणि संधी मिळताच निघून जाईल, असा पत्रलेखकाचा सूर होता. यातला दुसरा भाग खरा आहे. असा माणूस निघून जातोच. पण तो जाणार म्हणून त्याला घेऊच नये, हे मला पटत नाही.

मँचेस्टर युनायटेडचंच बघा. ॲलेक्स फर्ग्युसन तिथे १९८६ ते २०१३ अशी सत्तावीस वर्षं मुख्य प्रशिक्षक होते. रोजचा सराव ते बराचसा सहायकावर सोपवत आणि स्वतः कडेला उभं राहून खेळाडूंकडे बघत. म्हणजे हाताखालचा माणूस होयबा असून भागणारच नव्हतं. त्यांचा सहायक ब्रायन किड डिसेंबर १९९८ मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सचा मुख्य प्रशिक्षक व्हायला गेला. हंगाम ऐन मध्यावर होता, तीन स्पर्धा समोर होत्या. पत्रलेखकाला ज्याची भीती वाटते नेमकं तेच घडलं. पुढे काय झालं? डर्बी काउंटीत सहायक असलेला स्टीव्ह मॅक्लारेन फेब्रुवारीत किडच्या जागी आला, त्याच्या पहिल्याच सामन्यात युनायटेडने नॉटिंगहॅम फॉरेस्टला त्यांच्याच मैदानावर ८-१ असं धुतलं, आणि मे महिन्यात लीग, एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) आणि चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) अशी तिन्ही विजेतेपदं खिशात टाकली. इकडे किडचं ब्लॅकबर्न त्याच हंगामात खालच्या श्रेणीत घसरलं, आणि त्यावर शिक्कामोर्तब झालं ते युनायटेडविरुद्धच्या ०-० बरोबरीने! नशीबही कधीकधी फार खवचट असतं.

मॅक्लारेनही थांबला नाही. २००१ मध्ये तो मिडल्सब्रोला मुख्य प्रशिक्षक म्हणून गेला आणि २००४ मध्ये त्यांना लीग कप ही इंग्लंडमधली दुसरी बाद स्पर्धा जिंकून दिली. मग आला कार्लोस केरोझ. एका हंगामानंतर, २००३ मध्ये, थेट रेआल माद्रिदने त्याला मुख्य प्रशिक्षक म्हणून उचललं. तिथे वर्षभरात त्याला नारळ मिळाला, आणि फर्ग्युसन यांनी त्याला पुन्हा बोलावून घेतलं. त्या दुसऱ्या खेपेत, २००८ पर्यंत, युनायटेडने लागोपाठ दोन लीग विजेतेपदं आणि चॅम्पियन्स लीग मिळवली. हे दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको, पण माझ्या मते फर्ग्युसन इतका काळ टिकले त्यात या ये-जा करणाऱ्या सहायकांचा वाटा मोठा होता. मुख्य प्रशिक्षक तोच, पण सरावाच्या मैदानावर दर काही वर्षांनी नवा माणूस, नव्या कल्पना. महत्त्वाकांक्षा नसलेला एकच सहायक पंधरा वर्षं बसवून ठेवला असता तर हे झालं असतं का?

धोका नाहीच असं मी म्हणत नाही. मॅक्लारेन गेल्यानंतरच्या हंगामात युनायटेडच्या हाती एकही करंडक लागला नाही, आणि केरोझ माद्रिदला गेला त्या हंगामातही संघ लीगमध्ये तिसरा आला. जाणारा माणूस काहीतरी घेऊन जातोच. पण ती जागा वेळेत आणि नीट भरणं ही क्लबची जबाबदारी. मिकेल आर्तेता डिसेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीचं सहायकपद सोडून आर्सेनलचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि सात महिन्यांत त्याच्या नव्या संघाने सिटीलाच एफए कपच्या उपांत्य फेरीत २-० असं हरवलं. त्याआधीच सिटीचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक ग्वार्डिओला यांनी हुआन्मा लिलो यांना सहायक म्हणून आणलेलं होतं, आणि पुढच्या हंगामात सिटी पुन्हा लीग विजेते झाले. आर्तेताला महत्त्वाकांक्षा होती म्हणून सिटीचं कायमचं नुकसान झालं, असं म्हणायला जागा नाही.

‘निष्ठावान सहायक’ म्हटलं की लिव्हरपूलचं नाव हटकून घेतलं जातं. बूट ठेवायच्या खोलीत बसून संघाचा खल करणारी ती मंडळी, बॉब पेस्ली, जो फेगन, रॉनी मोरन. मोरन यांनी खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून जवळपास अर्धं शतक एकाच क्लबमध्ये काढलं, दोनदा तात्पुरती सूत्रं हाती घेतली आणि कायमची खुर्ची काही त्यांनी मागितली नाही. असा माणूस मिळाला तर त्याला सोन्याने मढवावं. पेस्ली यांनीही १९७४ मध्ये मुख्य प्रशिक्षक शँकली यांची जागा अगदी नाइलाजाने घेतली होती, आणि नऊ वर्षांत सहा लीग विजेतेपदं व तीन युरोपियन कप (चॅम्पियन्स लीगचं जुनं नाव) जिंकले. त्यांच्यानंतर फेगन आले आणि पहिल्याच हंगामात लीग, लीग कप व युरोपियन कप असे तीन मान मिळवून बसले. म्हणजे ही सगळी मंडळी आयुष्यभर सहायकच राहिली असं काही नाही. क्लबमध्येच वर जायची वाट खुली होती, म्हणून बाहेर जायची गरज पडली नाही. ज्या क्लबमध्ये अशी वाट नाही तिथे फक्त निष्ठेची अपेक्षा ठेवणं हा शुद्ध आपमतलबीपणा झाला.

पत्रलेखकाचा खरा संशय वेगळाच असावा असं मला वाटतं, तो त्यांनी उघड मांडला नाही एवढंच. मुख्य प्रशिक्षक हरत राहिला तर सहायकाचा फायदा होतो, मग तो मन लावून काम कशाला करेल? चेल्सीने मार्च २०१२ मध्ये व्हिलास-बोआस यांना काढलं आणि त्यांचे सहायक दि मातेओ यांनी अडीच महिन्यांत एफए कप आणि चॅम्पियन्स लीग जिंकली. बायर्न म्युनिक नोव्हेंबर २०१९ मध्ये फ्रँकफर्टकडून ५-१ ने हरल्यावर निको कोव्हाच गेले, आणि त्याच उन्हाळ्यात सहायक म्हणून आलेले हान्सी फ्लिक त्यांच्या जागी बसले. दहा महिन्यांच्या आत तीन मोठी विजेतेपदं! अशी उदाहरणं पाहिली की कुजबुज सुरू होते, हे मान्य. पण या दोघांनी आपल्या वरिष्ठाचे पाय ओढले असा पुरावा कोणी दाखवलेला माझ्या वाचनात नाही. उलट, संघ कोसळत असताना आतली माहिती असलेला आणि जबाबदारी अंगावर घ्यायची तयारी असलेला माणूस बाकावर बसलेला होता, हे त्या क्लबांचं भाग्य. तिथे ‘मला नको बुवा ती कटकट’ म्हणणारा कोणी असता तर?

शिवाय सगळ्या महत्त्वाकांक्षा खुर्चीपर्यंत पोहोचतात असंही नाही. पेप लाइंडर्स जानेवारी २०१८ मध्ये लिव्हरपूलमधलं सहायकाचं काम सोडून नेदरलँड्समधल्या एनईसी या दुसऱ्या श्रेणीच्या क्लबचा मुख्य प्रशिक्षक झाला, संघाला वर नेता आलं नाही, आणि काही महिन्यांत तो लिव्हरपूलचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक क्लॉप यांच्याकडे परतला. पुढच्या दोन हंगामांत लिव्हरपूलने चॅम्पियन्स लीग आणि मग लीग जिंकली. जो स्वतः चूल मांडून आलाय त्याला मुख्य प्रशिक्षकाची झोप का उडते ते कळतं. किडसुद्धा पुढे सहायकाच्याच कामात रमला, आणि सिटीने २०१२ मध्ये लीग जिंकली तेव्हा बाकावर होता.

आता क्लबने काय करावं? एक तर सहायक कोणाचा माणूस आहे हे आधी ठरवावं. मुख्य प्रशिक्षकाने सोबत आणलेला असेल तर तो त्याच्याबरोबरच जाणार, हे गृहीत धरावं. क्लबने नेमलेला असेल तर मुख्य प्रशिक्षक बदलला तरी तो राहील, असं नव्या माणसाला नेमतानाच सांगावं. २०१३ मध्ये फर्ग्युसन यांच्या जागी डेव्हिड मॉइस युनायटेडमध्ये आले ते एव्हर्टनमधली आपली माणसं घेऊन, आणि आधीचे प्रशिक्षक फेलन, म्यूलेनस्टीन, स्टील हे तिघेही गेले. गतविजेता संघ सातवा आला, आणि हंगाम संपायच्या आत मॉइसही गेले. सगळा दोष या एका निर्णयाचा नव्हता, पण ड्रेसिंग रूम ओळखणारी ही अनुभवी माणसं एकदम जाऊ दिली हे चुकलंच.

दुसरं म्हणजे पात्रता. युरोपात वरच्या श्रेणीत मुख्य प्रशिक्षक व्हायला यूएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाचा ‘प्रो’ हा सर्वोच्च प्रशिक्षक परवाना लागतो. फ्रान्समधल्या रीम्स क्लबने २०२२ मध्ये विल स्टिल या तिशीला टेकलेल्या सहायकाला बढती दिली तेव्हा त्याच्याकडे तो परवाना नव्हता, आणि क्लबला दर सामन्याला २५ हजार युरो दंड भरावा लागत होता. संघ मात्र आठवड्यामागून आठवडे हरेना, तेव्हा क्लबने दंडाची कुरकुर केली नाही. तरी शहाणा क्लब सहायकाला त्या अभ्यासक्रमाला आधीच पाठवेल आणि त्याचा खर्चही उचलेल. त्या बदल्यात करारात एवढं लिहून घ्यावं की हंगामाच्या मध्यात जायचं असेल तर नवा क्लब भरपाई देईल, आणि मुख्य प्रशिक्षकाला काढलं तर तात्पुरती सूत्रं आपोआप सहायकाकडे जाणार नाहीत, संचालक मंडळ त्या वेळी ठरवेल. म्हणजे कुजबुजीला जागा उरणार नाही.

आणि मुलाखतीत त्या उमेदवाराला ‘पाच वर्षांनी कुठे असशील?’ असं विचारल्यावर त्याने ‘मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीत’ असं उत्तर दिलं, तर पत्रलेखकांनी त्याचं नाव यादीतून खोडू नये, एवढीच विनंती. त्याच्या जागी पुढे कोण येणार, याची यादी मात्र त्याच दिवशी करायला घ्यावी.

आपला,
एक फुटबॉलवेडा वाचक