'संपूर्ण' म्हणून विकलेल्या '१८३०' खेळाच्या अपुऱ्या संचाबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : '१८३०' या रेल्वे व शेअरबाजाराच्या खेळाचा अपुरा संच आणि त्यावर मिळालेले उत्तर

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मी '१८३०' हा खेळ मागवला. विक्रीच्या पानावर 'नवा, सीलबंद, संपूर्ण' असे लिहिले होते आणि पूर्ण किंमत मी आगाऊ भरली. घरी आलेल्या खोक्यावर कारखान्याचे प्लास्टिकचे आवरण नव्हते. दोन कडांना साधी चिकटपट्टी होती आणि आतल्या सर्टिफिकेटांच्या गठ्ठ्यांना रबरबँड लावलेले होते. हा संच आधी कुणीतरी उघडून परत केला असावा आणि मोजणी न करताच तो पुन्हा नवा म्हणून विकला गेला असावा, असा माझा समज आहे. तसे नसेल तर आपण लेखी सांगावे.

नियमपुस्तिकेतल्या यादीशी संच पडताळला तेव्हा चार वस्तू कमी निघाल्या : ४ क्रमांकाची एक गाडी, ५ क्रमांकाची एक गाडी (गाडी म्हणजे कंपनीने विकत घ्यायचा पत्ता; जितका क्रमांक, तितक्या शहरांचे उत्पन्न ती मिळवते), ईरी कंपनीच्या अध्यक्षाचे २० टक्क्यांचे शेअर सर्टिफिकेट आणि न्यूयॉर्कची हिरवी टाइल (नकाशावर ठेवायचा रुळांचा षटकोनी तुकडा). खोके उघडतानाचे चित्रीकरण सोबत जोडले आहे.

हे मी त्याच संध्याकाळी कळवले. आपल्या प्रतिनिधीचे उत्तर आले की गहाळ वस्तू किरकोळ आहेत, कागदावर लिहून खेळता येईल आणि गैरसोयीबद्दल २०० रुपयांचे कूपन देण्यात येईल. उत्तराची भाषा सौजन्याची होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी हरकत 'किरकोळ' या निष्कर्षाला आहे. तो या खेळाच्या बाबतीत का चुकीचा आहे, हे मला सविस्तर मांडायचे आहे, कारण आपण या प्रकारचे इतरही खेळ विकता.

फ्रान्सिस ट्रेशॅम यांचा '१८२९' हा खेळ इंग्लंडमध्ये १९७४ साली आला. त्यातून रेल्वे कंपन्यांचे शेअर घेण्याच्या आणि नकाशावर रूळ टाकण्याच्या खेळांचे एक घराणेच उभे राहिले. त्यांचाच '१८३०' हा खेळ १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याचा नकाशा अमेरिकेच्या ईशान्य भागाचा आहे आणि त्यात पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क सेंट्रल, बाल्टिमोर अँड ओहायो, ईरी अशा आठ कंपन्या आहेत. या खेळात फासे नाहीत. बसायचा क्रम ठरला की पुढचे काहीही नशिबावर राहत नाही. बँकेत किती पैसे आहेत, कुणाकडे किती शेअर आहेत, कोणत्या गाड्या उरल्या आहेत, हे सगळे टेबलावर उघडे असते आणि ज्याचा हिशेब पक्का तो जिंकतो. वस्तूंची संख्या हाच इथे नियम आहे.

गाड्यांचेच पाहा. २ च्या सहा, ३ च्या पाच, ४ च्या चार, ५ च्या तीन, ६ च्या दोन आणि मग डिझेल. एका क्रमांकाच्या सगळ्या गाड्या विकल्या गेल्या की पुढचा क्रमांक खुला होतो. ४ ची पहिली गाडी कुणी घेतली की सर्वांच्या २ च्या गाड्या त्या क्षणी भंगारात जातात. ६ ची पहिली गाडी विकली गेली की ३ च्या जातात, डिझेल आले की ४ च्या. ५ ची आणि ६ ची गाडी मात्र शेवटपर्यंत टिकते. आठ कंपन्यांना पुरवायला अशा गाड्या मिळून फक्त पाच. त्यानंतर १,१०० डॉलरचे डिझेल घेण्यावाचून इलाज नसतो. मार्ग असूनही कंपनीकडे गाडी नसेल तर ती घ्यावीच लागते. तिजोरी रिकामी असेल तर अध्यक्षाला, म्हणजे कंपनीचे सर्वांत जास्त शेअर असलेल्या खेळाडूला, स्वतःच्या पैशातून भर घालावी लागते, वेळ पडली तर हातातले शेअर विकून. तेवढ्यानेही भागले नाही तर तो दिवाळखोर ठरतो आणि खेळ तिथेच संपतो. म्हणून जाणते खेळाडू पहिल्या तासापासून गाड्या मोजत असतात : आपली पाळी येईपर्यंत ५ ची गाडी उरेल का, की गाड्या संपत आलेली ही कंपनी आत्ताच, भाव चांगला असताना, शेअर विकून दुसऱ्याच्या गळ्यात घालावी?

आपण पाठवलेल्या संचात ४ च्या तीन आणि ५ च्या दोनच गाड्या आहेत. त्यामुळे ६ ची गाडी दोन खरेद्या आधी खुली होते, ३ च्या गाड्या वेळेआधी भंगारात जातात आणि टिकाऊ गाड्या पाचाच्या चार होतात. चार-पाच तास मांडलेला हिशेब एका पुठ्ठ्याच्या तुकड्यापायी कोसळतो. मेंढीकोटाच्या कॅटमधली एक मेंढी काढून घेऊन 'बाकी पत्ते आहेत ना' असे कुणी म्हणावे, तसे हे उत्तर आहे.

ईरीच्या सर्टिफिकेटचे तर विशेष वाईट वाटले. प्रत्येक कंपनीचे शंभर टक्के म्हणजे अध्यक्षाचे एक २० टक्क्यांचे आणि १० टक्क्यांची आठ सर्टिफिकेटे. साठ टक्के विकले गेले की कंपनी चालू होते, आणि सुरुवात अध्यक्षाच्या सर्टिफिकेटापासूनच करावी लागते. ते नसेल तर ईरी उघडतच नाही, म्हणजे आठाच्या सात कंपन्या. खऱ्या इतिहासात १८६८ साली कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट ईरी विकत घेऊ पाहत होते, तेव्हा डॅनियल ड्र्यू, जे गूल्ड आणि जेम्स फिस्क यांनी नवे शेअर छापून बाजारात ओतले आणि व्हँडरबिल्टना कितीही घेतले तरी ताबा मिळेना. खेळात असे करता येत नाही. सर्टिफिकेटे मोजकी असतात आणि ती मोजून घेता येतात, म्हणूनच शेअरचा भाव आणि कंपनीचा ताबा यांवरची चढाओढ खरी वाटते.

न्यूयॉर्कची हिरवी टाइल संचात एकच असते. तिच्याशिवाय त्या शहराचे उत्पन्न ४० वरून ६० वर जात नाही आणि तपकिरी टाइल हिरवीवरच बसत असल्याने पुढे ८० वरही जात नाही. न्यू हेवन कंपनीचे मूळ स्थानक तिथेच आहे, म्हणजे तिच्या भागधारकांचा लाभांश कायमचा खुंटतो.

चिठ्ठ्या लिहून एखादा डाव उरकता येईल, हे खरे आहे, पण पैसे मी पूर्ण संचाचे मोजले आहेत. आणि मला जास्त काळजी नवख्या ग्राहकाची वाटते. मी हे खेळ ओळखतो म्हणून यादी काढून बसलो. पहिल्यांदाच विकत घेणाऱ्या कुटुंबाला गाड्या कमी आहेत हे कळणारसुद्धा नाही. तिसऱ्या तासाला कुणाचे तरी दिवाळे निघेल, खेळच अन्यायकारक आहे असे वाटेल आणि खोके माळ्यावर जाईल. आपल्याकडे हे खेळ खेळणारे आधीच मोजके आहेत. ट्रेशॅम यांनी भारतीय रेल्वेवरही '१८५३' नावाचा खेळ केला आहे. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी धावली ते हे साल. असे खेळ मराठी घरांत रुळावेत अशी आमच्या गटाची मनापासून इच्छा आहे. अपुरे संच विकले गेले तर ते होणे नाही.

ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार सदोष किंवा जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेणे आणि तिचे पैसे परत करणे विक्रेत्याला नाकारता येत नाही. त्याच नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे अपेक्षित आहे.

माझी पहिली मागणी गहाळ चारही भाग मूळ छपाईतलेच मिळावेत, ही आहे. ते शक्य नसेल तर न उघडलेला संच पाठवावा, आणि तोही नसेल तर आपल्या खर्चाने हा संच नेऊन पूर्ण रक्कम परत करावी. कूपन मला नको. हा संच परत नेल्यास तो 'संपूर्ण' म्हणून पुन्हा विकू नये आणि परत आलेला प्रत्येक संच यादीप्रमाणे मोजल्याशिवाय विक्रीला ठेवू नये, असे लेखी आश्वासनही हवे आहे. मुदतीत उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

कळावे,
आपला ग्राहक,
(सही)
कोथरूड, पुणे

सोबत : पावतीची प्रत, गहाळ भागांची यादी, खोके उघडतानाचे चित्रीकरण, आपल्या प्रतिनिधीचे उत्तर