थेरपीच्या खोलीत आईबाबाही हवेत

संपादक महोदय,

तान्ह्या मुलांच्या स्पीच थेरपीत बाळाला आत न्यायचे आणि आईबाबांना बाहेर बाकावर बसवायचे, हा प्रकार अजून सर्रास चालतो. शाळकरी मुलाचे उच्चार सुधारायचे असतील तर एक वेळ चालून जाईल. दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी तो चुकीचाच आहे. नऊ-दहा महिन्यांचे बाळ आठवड्याला सत्तरेक तास जागे असते. थेरपिस्टच्या वाट्याला त्यातला एखादा तास येतो. म्हणून उरलेला वेळ जे बाळाजवळ असतात, त्यांनाच शिकवायला हवे. दिवसभर आजी सांभाळत असेल, तर आजीलाही.

लंगोट बदलतानाची पाच मिनिटे घ्या. बाळ उताणे, तुमचा चेहरा वीत-दीड वीत अंतरावर. ते ‘आऽ’ करते. तुम्हीही तसाच ‘आऽ’ करा आणि मनात दहापर्यंत आकडे मोजत गप्प राहा. मोठ्यांना नेमके हेच जमत नाही. तिसऱ्या आकड्यालाच ‘बोल ना रे सोन्या’ सुरू होते आणि बाळाची पाळी हुकते. थांबलात, तर झाडले जाणारे पाय थबकतात, ओठ हलतात, मग सावकाश हुंकार येतो. बाळाने मध्येच मान वळवली तर त्याच्या नजरेसमोर नाचू नका. त्याला जरा उसंत हवी असते, ते परत वळते.

पुढे ‘हे काय? ते काय?’ अशी परीक्षा घेऊ नये. बाळ दिव्याकडे बघत असेल, तर ‘दिवा! दिवा लागला’ एवढे पुरे. हात वर करून ‘उचल’ सांगणे हेही बोलणेच. त्याला लगेच दाद द्यावी. घरात दोन भाषा असतील तर दोन्ही बोलाव्यात, त्याने बोलणे लांबत नाही.

थेरपिस्टने दहा पानी तक्ता हाती देऊ नये, त्यातले काहीच होत नाही. बाळ आणि मोठे माणूस दोघेही दिसतील असा दोन मिनिटांचा घरचा व्हिडिओ सोबत बसून पाहावा आणि त्या आठवड्यासाठी एकच गोष्ट ठरवावी.

अर्थात कान आधी. पहिल्या महिन्यात श्रवणाची प्राथमिक चाचणी, तिसऱ्या महिन्याच्या आत निदान, सहाव्याच्या आत उपचार, हे वेळापत्रक पाळायलाच हवे. घरी खुळखुळा वाजवून खात्री करू नये. बाळ हलणारा हात पाहूनही वळते, आणि काही बाळांना फक्त ठरावीक पट्टीतले आवाज ऐकू येतात. ऐकू न येणारे बाळही सुरुवातीचे काही महिने हुंकार देते, त्यामुळे घरचे निर्धास्त राहतात.

‘आमच्यात सगळेच उशिरा बोलतात’ म्हणून थांबणे सगळ्यात महागात पडते. नऊ महिन्यांना ‘बाबाबा’ नाही किंवा नावाला वळत नाही, वर्षाला बोट दाखवत नाही, सोळा महिन्यांना एकही शब्द नाही, दोन वर्षांना दोन शब्द जोडत नाही, तर तपासणी करावीच. येत असलेले बोलणे गेले, तर कोणत्याही वयात त्याच आठवड्यात.

आणि पहिल्याच भेटीत थेरपिस्टला विचारावे: ‘या आठवड्यात घरी काय करायचे, आणि ते आत्ता तुमच्यासमोर करून पाहू का?’

– एक स्पीच थेरपिस्ट