साहेब, शेतकऱ्याचे बियाणे नेताना पोच द्या

मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

प्रगतिशील शेतकऱ्यांचे सत्कार होतात, शाल-श्रीफळ मिळते, फोटो निघतात. त्याबद्दल तक्रार नाही. हे पत्र सत्काराच्या आधीच्या दहा-पंधरा वर्षांबद्दल आहे. त्या काळात शेतात काय घडते आणि आपले खाते तेव्हा कुठे असते, एवढेच विचारायचे आहे.

आमच्या झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातले, उदाहरण आपल्याला ठाऊक असेलच. नांदेड हे गाव, पण मराठवाड्यातले नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातले. तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे जेमतेम शिकलेले, दीड एकराचे शेतकरी. १९८३ साली ‘पटेल ३’ जातीच्या धानात त्यांना दोन-तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, दुसऱ्या वर्षी वेगळ्या लावल्या, वेगळ्या कापल्या, आणि हे वर्षानुवर्षे चालू ठेवले. धानाचे फूल बहुतेक स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे वेगळे झाड नेटाने वेगळे राखले, त्यातली भेसळ दरवर्षी उपटून टाकली, तर त्याचा गुण टिकतो. शास्त्र एवढेच. अवघड आहे ते पहिल्यांदा दिसणे, आणि दिसल्यावर पोटाला न खाता जपून ठेवणे.

हे अल्पभूधारकालाच का दिसते? कारण पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटण्यापासून कापणीपर्यंत तो स्वतः वाकलेला असतो. पन्नास एकरवाला बांधावरून पीक बघतो. मात्र लहान शेतकऱ्याला धोका पत्करता येतो तो फक्त बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, एका कोपऱ्यापुरता, म्हणून त्याचा प्रयोग हळू चालतो. मग शेजारी पायलीभर बियाणे मागून नेतो आणि खरी चाचणी सुरू होते. वाऱ्यात लोळते का, गिरणीत कणी किती पडते, तणस (पेंढा) जनावर खाते का, रात्रीचा भात सकाळी कडक होतो का? यातले शेवटचे दोन प्रश्न कुठल्याही चाचणी अहवालात मी पाहिलेले नाहीत, पण आमच्याकडे त्यावरच वाण राहतो किंवा जातो.

दादाजींचा वाण राहिला. बारीक दाणा बाजारात चालला आणि तेव्हा हातोहाती असलेल्या घड्याळावरून त्याला एचएमटी नाव पडले. १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाच्या केंद्राने त्यांच्याकडून बियाणे नेले. १९९८ मध्ये अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने पीकेव्ही-एचएमटी हा वाण प्रसारित केला; पीकेव्ही म्हणजे पंजाबराव कृषी विद्यापीठ. घड्याळाच्या कंपनीचे नाव लागले, विद्यापीठाचे लागले. ज्याच्या बांधीत हे घडले त्याचे नाही. बियाणे शुद्ध करणे, त्याची पैदास वाढवणे हे काम विद्यापीठच करू शकते, ते मी कमी लेखत नाही. पण मूळ कोणाचे, हे लिहायला काय खर्च येतो? पुढे दादाजींनीच एका वाणाला आपली आद्याक्षरे दिली, डीआरके. २००५ मध्ये त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. ३ जून २०१८ रोजी ते गेले, तेव्हाही घरची ओढाताण संपलेली नव्हती.

याच्या शेजारी द्राक्ष ठेवून बघा. सांगली जिल्ह्यातल्या तासगावकडचे ‘तास-ए-गणेश’ आणि सोलापूरजवळच्या नान्नजचे ‘सोनाका’ हे दोन्ही वाण थॉमसन सीडलेस या द्राक्षजातीच्या बागेत शेतकऱ्यांनीच हेरले. वेलीची एक फांदी वेगळी दिसली, तिची काडी धरून वाढवली. निरीक्षण तेच, चिकाटी तीच. पण द्राक्षवाल्यांकडे बागाईतदार संघ होता, चर्चासत्रे होती, हातात रोकड होती. कोणी काय शोधले हे चारचौघांत बोलले जात होते. धानवाल्याकडे यातले काही नव्हते. शोधाची ताकद दोन्हीकडे सारखीच, सांभाळणारी व्यवस्था मात्र एकाच बाजूला. सरकारची गरज नेमकी दुसऱ्या बाजूला आहे.

आपल्याकडे कायदा आहे, २००१ चा, पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्काचा. शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी करता येते, शुल्कही माफ आहे. पण वाण वेगळा आहे, एकसारखा आहे, स्थिर आहे हे दाखवताना पानाची रुंदी, लोंबीची लांबी, फुलोऱ्याचे दिवस अशी माहिती भरावी लागते. ती मोजायला गावात कोण आहे? कृषी सहायक योजनांच्या याद्यांत आणि पंचनाम्यांत बुडालेला असतो. त्याला दोष देत नाही, त्याच्या कामाच्या यादीत हे कधी लिहिलेच गेले नाही.

म्हणून मागणी लहान आहे. नवी योजना नको, ॲप तर मुळीच नको. विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र किंवा खात्याचा कोणीही माणूस शेतकऱ्याकडून बियाणे, काडी वा रोप नेत असेल तर त्याने जागेवर सही-शिक्क्याची पोच द्यावी, आणि तिची एक प्रत तालुका कृषी कार्यालयातल्या वहीत चिकटवावी. पुढे त्यातून वाण निघाला तर प्रसारण प्रस्तावाला ती पोच जोडल्याशिवाय प्रस्ताव पुढे सरकू नये. आणि वेगळे झाड दाखवणाऱ्या शेतकऱ्याकडे निसव्याच्या, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याच्या, वेळी एक माणूस मोजपट्टी घेऊन यावा, सलग तीन हंगाम. तेवढ्या कोपऱ्यातले पीक बुडाले तर त्याची भरपाई जिल्ह्याच्या निधीतून व्हावी. ती रक्कम एखाद्या कृषी महोत्सवाच्या मांडवापेक्षा कमीच भरेल.

पोचेचा नमुना अर्ध्या पानात बसतो: शेतकऱ्याचे नाव, गाव, गट क्रमांक, कोणत्या जातीत सापडले, किती वर्षे राखले, किती बियाणे नेले, कोणी नेले, तारीख. हलके, म्हणजे लवकर येणारे, धान निसवायच्या आत परिपत्रक निघाले तर याच खरिपात उपयोगी पडेल.

आपला,
नागभीड तालुक्यातील एक धान उत्पादक